पोरगं दरबारात बसतं तेव्हा

मराठी साहित्यात बुवा पुष्कळ आहेत. संतांनी त्यांना झोडपलं, नाटककारांनी रंगमंचावर आणून त्यांचं हसं केलं, चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्यांचे चमत्कार भर चौकात करून दाखवले. बुवांसमोर हात जोडून बसलेला माणूस मात्र आपल्या लेखनात बहुधा गर्दीतला एक म्हणूनच येतो: भोळा, अडाणी, फार तर हतबल. तो पंधरा वर्षांचा असेल, नुकतं मिसरूड फुटत असेल, तर गर्दीतही दिसत नाही. आईबरोबर आलेलं पोर म्हणून आपण त्याला मोजतच नाही. प्रस्तुत कादंबरी त्या पोराची आहे. तो एका बाबाच्या दरबारात कसा गेला, तिथे का रमला आणि बाहेर पडताना त्याला काय किंमत मोजावी लागली, हा तिचा विषय. विषय नवा वाटेल, पण त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. ती ठाऊक असली की या कादंबरीने कोणती वाट धरली आणि कोणती मुद्दाम सोडली ते कळतं. म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

कादंबरी घडते पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मुलूख बहुतेक रेल्वेच्या खिडकीतून माहीत असतो. नागपूरहून इटारसीकडे जाताना काटोल, नरखेड मागे पडलं की पांढुर्णा येतं. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्यप्रांतात हा भाग नागपूरच्या सोबतीनेच राहिला. 1956च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथल्या पोरांची वाटणी झालेली आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी. संत्र्याला आणि कापसाला बाजार नागपूरचा, दहावीचा निकाल भोपाळच्या बोर्डाचा. नागपूरला गेलं की ‘एमपीवाला’, भोपाळला गेलं की ‘मराठी’. आपण नेमके कुठले, हा प्रश्न इथे वयात येण्याआधीच पडतो.

श्रद्धेचा बाजही इथला निराळा. सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या मारुतीची मूर्ती आहे. तिच्या नाभीतून झिरपणारं पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. ‘बाहेरची बाधा’ झाली असं घरच्यांना वाटतं त्या माणसांना मंगळवारी-शनिवारी इथे आणतात. आरती सुरू झाली की कुणी घुमू लागतं, कुणी केस मोकळे सोडून डोलतं, आणि शेजारी त्या माणसाची आई पाण्याची बाटली नि चपला सांभाळत बसून राहते. ऑगस्ट 2023 मध्ये इथल्याच ‘हनुमान लोक’च्या कार्यक्रमात पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाचा नकाशासुद्धा इथे देवाच्या अंगणात बदलतो, हे कादंबरीला पार्श्वभूमी म्हणून पुरेसं बोलकं आहे.

दुसरी गोष्ट गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. अलीकडून पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा गोट्यांवर आले. बाहेरच्याला यात फक्त हिंसा दिसते. पांढुर्ण्याच्या पोराला यात आपण कोणत्या काठाचे ते कळतं. पहिल्यांदा काठावर उभं राहायला मिळणं हा इथे मोठं झाल्याचा दाखला असतो. आणि या खेळामागची दंतकथा घर सोडून पळालेल्या दोन पोरांची आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघंही मधेच संपली. आपल्या मर्जीने वाट धरलेल्या पोरांचं काय होतं, हे हा गाव दरवर्षी स्वतःलाच सांगतो. दंडात जोर आलेल्या, पण स्वतःचा निर्णय घ्यायची मुभा नसलेल्या पोरांना गर्दीची ओढ का वाटते, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

इथे एक फरक आधीच सांगितला पाहिजे, नाहीतर कादंबरीवर अन्याय होईल. जामसावळी हे देवस्थान आहे. तिथे कुणीही येतो, कुणीही जातो. कुणी नाव लिहून घेत नाही, घरी परतताना कुणाची परवानगी लागत नाही. तिथल्या समजुतींशी वाद घालता येईल, मनोरुग्णाला वेळेत डॉक्टरकडे न्या असा आग्रह धरता येईल आणि धरायलाच हवा. पण कादंबरीतला दरबार ही वेगळी चीज आहे. तिथे एक जिवंत माणूस मधोमध बसलेला असतो आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. आत कोण, बाहेर कोण, हे ठरलेलं असतं. बाहेरचं जग, त्यात आईबाप आणि मास्तरही आले, हळूहळू ‘समज नसलेलं’ ठरत जातं. श्रद्धा असणं आणि स्वतःचा निर्णय दुसऱ्याच्या हवाली करणं यांत अंतर आहे. कादंबरी त्या अंतरातच घडते.

हा विषय इथल्या लोकांनी वर्तमानपत्रातून अगदी जवळून अनुभवला आहे. 2013 साली पांढुर्णा आणि सौंसर ज्या जिल्ह्यात होते त्याच छिंदवाडा जिल्ह्याच्या ठिकाणी, आसाराम बापूच्या गुरुकुलात, सोळा वर्षांची एक मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. आईवडील आसारामचे भक्त. मुलीवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून त्यांनीच तिला तिथे घातलेलं. तिची तब्येत बिघडली तेव्हा गुरुकुलातून सांगण्यात आलं, तिला भूतबाधा झाली आहे, बापूच बरं करतील. तिला जोधपूरजवळच्या मणई आश्रमात नेण्यात आलं. 15 ऑगस्टच्या रात्री तिथे तिच्यावर अत्याचार झाला. तिने आईवडिलांना सांगितलं आणि कालपर्यंत त्या माणसाच्या पाया पडणारे आईवडील तिच्या मागे उभे राहिले. दिल्लीत तक्रार नोंदवली गेली, महिनाअखेर आसारामला अटक झाली. खटल्याच्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. 25 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला मरेपर्यंत जन्मठेपेची शिक्षा दिली. छिंदवाड्याच्या त्याच गुरुकुलात 2008 साली दोन लहान मुलांचे मृत्यू झाले होते. तेव्हाही गदारोळ झाला आणि तेव्हाही वर्ग भरत राहिले.

या खटल्यातल्या दोन गोष्टी कादंबरीच्या वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, अशा ठिकाणी पोर बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही. त्याला प्रेमाने, काळजीने, शिस्तीच्या हौसेने घरचेच नेतात. ‘बाल संस्कार’ या शब्दावर कोणत्या आईबापाचा आक्षेप असेल? दुसरी, सापळ्याचं दार उघडायला जो शब्द वापरला तो परक्या कुणाचा नव्हता. ‘बाधा’ हा शब्द इथल्या प्रत्येक घरात आहे. जामसावळीच्या अंगणात तो दुःखाला नाव देतो. दरबारात तोच शब्द मुलीला एकटीला खोलीत पाठवायला कामाला येतो. आणि एक तिसरी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची: सगळं वलय, सगळी गर्दी, सगळे वकील समोर असताना एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या शब्दावर ठाम राहिली. वयात येणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण या जिल्ह्याने पाहिलेलं नाही.

आता परंपरेकडे. गुरू आणि शिष्य या नात्याची चिकित्सा आपल्याकडे बाहेरून आली नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, हा मुळात शिष्यांच्या आठवणींचा आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटाने माणसामाणसाला गाठून त्या लिहून घेतल्या. हे काम झालं रिद्धपूरला, म्हणजे अमरावती जिल्ह्यात, पांढुर्ण्यापासून फार लांब नव्हे. त्यात शिष्यांचे रुसवे आहेत, मत्सर आहेत, गुरूच्या जवळ कोण बसायचं यावरची कुरबूर आहे. शिष्याच्या मनात काय चालतं याची इतकी बारीक नोंद करणाऱ्या भाषेने पुढे शिष्याला विसरावं, याचं नवल वाटतं.

सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी आपलं आत्मचरित्र अभंगांत सांगितलं. वय अकरा-बाराचं, लग्न झालेलं, नवरा वयाने कितीतरी मोठा. कोल्हापुरात कीर्तन ऐकता ऐकता ही मुलगी तुकारामांकडे ओढली गेली. नवऱ्याने मारलं, बांधून ठेवलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर घरातली पोर कुणा परजातीच्या बुवाच्या नादी लागली होती. म्हणजे प्रत्येक वेडाला सापळा म्हणून चालत नाही, आणि प्रत्येक भक्तीला निर्मळ म्हणूनही चालत नाही. तपासायचं ते हे की गुरूने मागितलं काय. तुकारामांनी बहिणाबाईंकडून काही मागितल्याचं त्या सांगत नाहीत. तुकारामांचा उपदेश त्यांना स्वप्नात झाला आणि त्या संसारातच राहिल्या. वारकरी पंथाने हे पुढेही सांभाळलं. वारी माणसाला पंढरीला नेते आणि पुन्हा त्याच्या शेतावर आणून सोडते. घरी परत आणते की घर तोडते, ही कोणत्याही पंथाची साधी आणि खरी परीक्षा आहे. समर्थांनी ‘दासबोधा’त गुरूची आणि शिष्याची लक्षणं स्वतंत्र समासांत मांडली, ती पारखून घ्यायची सवय लागावी म्हणूनच. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी विसाव्या शतकात आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, अशी भूमिका जन्मभर घेतली. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना पाया पडू पाहणाऱ्यावर उगारलेला त्यांचा खराटा अजून आठवतो.

एकोणिसाव्या शतकात ही चिकित्सा कोर्टात गेली. करसनदास मुळजी या पत्रकाराने वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं, त्यावर महाराजांनी बदनामीचा दावा लावला आणि 1862 साली मुंबईत ‘महाराज लायबल केस’ गाजली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्यकीय साक्ष दिली. धर्मगुरू असला तरी साक्षीपुराव्याच्या वर कुणी नाही, ही गोष्ट त्या खटल्यात उघड बोलली गेली. पुढे जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज 1873 साली आला आणि देव-माणसाच्या मधला दलाल हा त्याचा थेट विषय झाला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लेखणी चालवली, आचार्य अत्र्यांनी ‘बुवा तेथे बाया’ लिहून प्रेक्षकांना हसवता हसवता विचार करायला लावलं. या उपहासाचं ऋण मोठं आहे. पण उपहासाची एक अडचण असते. हसणारा प्रेक्षक मनातल्या मनात स्वतःला शहाण्यांच्या रांगेत बसवून घेतो, आणि आपल्याच घरातला मुलगा त्या दुसऱ्या रांगेत बसलेला त्याला दिसत नाही.

1980च्या दशकात काम संघटनेच्या पातळीवर आलं. नागपुरातून श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि 1989 पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव फिरली. हातातून भस्म कसं काढतात, निखाऱ्यांवरून कसं चालतात, नारळ कसा पेटवतात, हे शाळकरी मुलांसमोर करून दाखवण्यात आलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या आठवड्यात छिंदवाड्याच्या त्या मुलीची तक्रार नोंदली गेली, तोच हा आठवडा. काही दिवसांतच महाराष्ट्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, आपल्या अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लैंगिक शोषण करणं, साप-विंचू चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं, असे प्रकार त्याने गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. वारी, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावलेला नाही. हा कायदा महाराष्ट्राचा आहे. नागपूरहून निघालेली बस केळवद सोडून सौंसरकडे वळली की तो मागे राहतो. अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा ‘पॉक्सो’ सगळ्या देशाला लागू आहे, आसारामचा खटला त्याखालीही चालला. पण तो अत्याचार झाल्यानंतर हाताशी येतो. त्याआधीच्या दोन-चार वर्षांत पोर जे गमावत जातं, त्यासाठी कुठल्याच राज्यात कलम नाही. ती जागा कायद्याची नाही, ती कादंबरीची आहे.

माणूस पंथात कसा ओढला जातो, या प्रश्नाचा जगात अभ्यास झाला तो दोन तटांत. एक तट म्हणतो, माणसाचं मन वळवलं जातं, जवळपास मोडलं जातं. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने कम्युनिस्ट चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या माणसांचा अभ्यास करून 1961 साली हे मांडलं: माहितीवर पहारा, सतत कबुलीजबाब, ठरावीक शब्दांतच बोलणं, गटाबाहेरच्याला माणूस न मानणं. दुसरा तट म्हणतो, असं मोडणं दिसतं तितकं सोपं नाही. आयलीन बार्कर यांनी मूनच्या युनिफिकेशन चर्च या पंथाचा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध केला. शिबिरांना आलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आलेच नाहीत, असं त्यांना आढळलं. लोफलंड आणि स्टार्क यांनी 1965 सालीच दाखवलं होतं की माणूस बहुधा तत्त्वज्ञानाने पंथात ओढला जात नाही, आधी आत असलेल्या कुणाशी तरी त्याची मैत्री जुळते, पटणं नंतर येतं. फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट लिहिली: जगबुडीचं भाकीत खोटं ठरलं तेव्हा त्या गटातले काही जण उलट जास्त जोमाने प्रचाराला लागले. भाकीत चुकलं म्हणून भक्त सुटतो, हा आपला समज. तो खरा असता तर काम किती सोपं झालं असतं.

या दोन तटांमधली ओढाताण कादंबरीत फार जिवंत होते. कारण पंधरा वर्षांच्या मुलाबाबत दोन्ही एकाच वेळी खरं असतं. त्याला ओढलं जातं आणि तो जातोही. त्याला फसवलं जातं आणि त्याला तिथे खरोखर काही मिळतंही. यातली एकच बाजू धरली तर एक तर पोर निव्वळ बळी होतं, नाहीतर निव्वळ मूर्ख. दोन्ही वेळा त्याची गोष्ट संपते.

परदेशातल्या लेखकांनी हे ओळखलं आहे. एमा क्लाइनची ‘द गर्ल्स’ ही 2016ची कादंबरी चार्ल्स मॅन्सनच्या टोळीवर बेतलेली. तिच्यातली चौदा वर्षांची मुलगी त्या पुरुषाच्या मोहात पडत नाही, ती त्याच्याभोवतीच्या एका मोठ्या मुलीच्या मागे जाते. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानात एका पंथाच्या जोन्सटाउन या वसाहतीत 900हून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे 300 मुलं होती. त्या मुलांनी काहीच निवडलं नव्हतं. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने विषारी वायू सोडला, तेव्हा त्या पंथात उत्तम शिकलेले शास्त्रज्ञही होते. हारुकी मुराकामी यांनी आधी त्या हल्ल्यातल्या पीडितांशी आणि मग पंथातल्या माणसांशीही बोलून पुस्तकं लिहिली. आपल्या पुण्याशी जोडलेलं उदाहरण म्हणजे टिम गेस्ट यांचं ‘माय लाइफ इन ऑरेंज’. आई रजनीशांची संन्यासिनी झाली, मुलगा तिच्यामागे कम्यूनमधून कम्यूनमध्ये वाढला. तिथे सगळ्यांची माया होती. फक्त आई हवी तेव्हा सापडत नव्हती.

मराठीत वयात येणाऱ्या मुलाची कादंबरी समृद्ध आहे. नेमाड्यांची ‘कोसला’ 1963ची, त्यातला पांडुरंग सांगवीकर शहरात जाऊन उखडतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद ही आपल्या घरातलीच मुलं झाली आहेत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडातल्या गरिबीत वाढणारं पोर आहे. या सगळ्यांना घर आहे, शाळा आहे, मित्र आहेत, प्रेम आहे, भूक आहे. बाबा नाही. ज्या समाजात जवळपास प्रत्येक घराच्या भिंतीवर कुणा ना कुणा महाराजांचा फोटो आहे, त्या समाजाच्या वाढत्या वयाच्या कादंबरीत बाबा नसावा, ही साधी चूक नव्हे. आपल्या मध्यमवर्गीय लेखकाने धर्माचं क्षेत्र एक तर भक्तांना देऊन टाकलं किंवा चळवळीला. प्रस्तुत कादंबरी ती जागा परत मागते.

ती कशी मागते, ते एका प्रसंगावरून सांगतो. मुलगा पहिल्यांदा दरबारात जातो तो मोठ्या मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून. तिथे त्याला चमत्कार दिसत नाही. त्याला चपला दिसतात. मंडपाबाहेर शेकडो जोड पडलेले, म्हातारी माणसं आपापला जोड शोधत उन्हात वाकून फिरणारी. मुलगा सवयीने जोड ओळीने लावू लागतो. अर्ध्या तासाने एक सेवेकरी येतो, त्याच्या हातात टोकनांचा गठ्ठा देतो आणि म्हणतो, ‘भैयाजी, हा स्टँड आजपासून तुमच्याकडे.’ घरी तो ‘पोट्टा’ असतो, शाळेत हजेरीतला नंबर असतो, संत्र्याच्या बागेत फुकटचा गडी असतो. ‘भैयाजी’ त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणतं. त्या रात्री तो आईला सांगतो, ‘तिथं मले कोणी काय करून राहिला बे, असं नाही म्हणत.’ आई खूश होते. पोरगं वाया जात नाही, एवढंच तिला दिसतं. पुढे चपलांवरून माइकवर, माइकवरून बाबाच्या गाडीत असा त्याचा प्रवास होतो आणि प्रत्येक बढतीबरोबर त्याला एक गोष्ट सोडावी लागते: आधी क्रिकेट, मग गोटमारीचा काठ, मग वर्गातली मैत्रीण, मग गणिताची शिकवणी, आणि शेवटी प्रश्न विचारणं.

लेखकाने तीन गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. बाबाला फार थोडी जागा दिली. तो बोलतोही मोजकं. त्यामुळे वाचकाचं लक्ष त्याच्या थाटावर न जाता त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवर जातं: सेवेच्या पाळ्या, कबुलीच्या बैठका, कोण ‘आतला’ झाला याची कुजबुज. दुसरं, चमत्काराचा भांडाफोड हा कादंबरीचा कळस केला नाही. मुलाला हातचलाखी लवकरच कळते. कळूनही तो राहतो, कारण त्याने गुंतवलेलं त्या भस्मात नव्हतं. तिसरं, भाषा. घरातले संवाद वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे, शाळेतले हिंदी, दरबारातले एका विचित्र शुद्ध, प्रवचनी हिंदीत. जसजसा मुलगा आत जातो तसतसं त्याचं मराठी कमी होत जातं; आईशीही तो ‘माताजी’ म्हणून हिंदीत बोलू लागतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. सीमेवरच्या पोराचं परकेपण दरबार भरून काढत नाही, फक्त दुसऱ्या परकेपणाने झाकतो, हे कादंबरीने एका ओळीचंही भाष्य न करता दाखवलं आहे.

आता कादंबरी काय करत नाही तेही सांगावं. ती कुठल्याही खऱ्या आश्रमाचं वेषांतर नाही. वर सांगितलेल्या खटल्याची ती गोष्ट नाही, त्यातल्या मुलीचं दुःख तिने उसनं घेतलेलं नाही. धर्म हवा की नको, या वादात ती पडत नाही. मुलाची आजी जामसावळीला जाते आणि शेवटपर्यंत जात राहते, तिला कुणी शहाणी करून सोडत नाही. उत्तरार्धात दरबाराच्या राजकीय लागेबांध्यांचा भाग थोडा घाईत उरकला आहे, असं मला वाटतं. निवडणुकीच्या काळात अशा मंडपांत कोण कुणाच्या पाया पडतं, हे इथल्या वाचकाला ठाऊक असतं. त्याला अजून दोन प्रकरणं आवडली असती. पण मूळ धागा त्यामुळे सुटत नाही.

आजच हे पुस्तक का, असं कुणी विचारेल. दरबार आता मंडपात मावत नाही. प्रवचनाच्या वाहिन्या जुन्या झाल्या, आता बाबा पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तीस सेकंदांचा होऊन बसतो. सौंसरच्या मुलाला तो झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर भेटतो, घरच्यांना पत्ता लागत नाही. दुसऱ्या बाजूला शाळा भरते पण मास्तर पुरेसे नाहीत, बाग आहे पण संत्र्याला भाव नाही, बारावीनंतर काय याचं उत्तर घरात कुणाकडे नाही. पंधराव्या वर्षी माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: कुणीतरी नावाने ओळखावं, काहीतरी खरं काम हातात द्यावं आणि आपण कुणाचे आहोत ते कळावं. घर, शाळा आणि गाव यांनी या तिन्ही देणं थांबवलं की त्या देणारा कुणी ना कुणी उभा राहतोच. त्याच्या बदल्यात तो जे घेतो, ते म्हणजे स्वतः ठरवण्याची ताकद. मोठं होणं म्हणजे ती ताकद मिळवणंच असल्यामुळे दरबारात गेलेलं पोर वयाने वाढतं, मोठं होत नाही. या कादंबरीचं म्हणणं माझ्या लेखी एवढंच आहे, आणि ते तिने पूर्ण पेललं आहे.

ही कादंबरी मुलांनी वाचावी, पण त्याआधी आईबापांनी, शिक्षकांनी आणि चळवळीतल्या मित्रांनी वाचावी. चळवळीला मी विशेष करून सांगेन: भस्माचं रहस्य फोडून दाखवणं गरजेचं आहे, ते सोडू नका, पण भस्म कळल्यावरही जो बसून राहतो त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे, तेही ठरवा. आणि तुमच्या घरातलं पोर कुठल्या दरबारात जाऊ लागलं असेल, तर त्याच्या बाबाबद्दल त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याला एवढंच विचारा, तिथे तुला कोणतं काम दिलंय? उत्तर नीट ऐका. तसं एक काम, तेवढ्याच विश्वासाने, आपण त्याला आजवर का दिलं नाही, याचा हिशोब मग आपला आपण करायचा.